संगणकाचे भोंदू वैद्य

भोंदू वैद्याची रीत जुनी आहे. आठवड्याच्या बाजारांत पथारी पसरून बसणारा जडीबुटीवाला आधीं औषध विकीत नाहीं. तो आधीं रोग विकतो. समोर उभ्या राहिलेल्या धडधाकट माणसाची नाडी हातीं घ्यावी, कपाळाला आठ्या घालाव्या, आणि 'पोटांत विष सांठलें आहे' असें हलक्या आवाजांत सांगावें, एवढ्यानें त्याचें निम्में काम होतें; उरलेलें निम्में त्या माणसाची भीति करते. सुशिक्षित मनुष्य अशा पथारीकडे पाहून हंसतो आणि पुढें चालूं लागतो. परंतु त्याच सुशिक्षित मनुष्याच्या घरांत, मेजावरच्या संगणकाच्या पडद्यावर, आज तीच पथारी मांडली जात आहे. आणि तेथें मात्र त्याला हंसूं येत नाहीं. कारण संगणकाच्या पोटांत काय चाललें आहे हें त्याला स्वतःच्या पोटाइतकेंच अज्ञात असतें.

प्रसंग बहुधा असा घडतो. घरांतील कोणी रेल्वेचें वेळापत्रक, एखादी पाककृति किंवा मुलाच्या परीक्षेचा निकाल शोधीत असतो. एकाएकीं सर्व पडदा व्यापणारी एक खिडकी उघडते. तींत लाल रंगाची ढाल असते, भोंगा वाजूं लागतो, आणि एक आडवी पट्टी भराभर पुढें सरकत 'तपासणी चालू आहे' असें दाखविते. दहा-पंधरा सेकंदांत निदान तयार होतें : शेंकडों व्हायरस सांपडले, बँकेचा पासवर्ड धोक्यांत आहे, विलंब केल्यास सर्व फाइली नष्ट होतील! खालीं 'आतां दुरुस्त करा' असें मोठें बटण असतें. हल्लीं पुष्कळदां बटणाऐवजीं दूरध्वनीचा क्रमांक असतो. जो बटण दाबतो त्याच्या यंत्रांत अँटिव्हायरस म्हणून एक प्रोग्राम उतरतो, आणि तो प्रोग्राम हाच खरा रोग असतो. दाराशीं चोर आला आहे असें ओरडत घरांत शिरणाऱ्या चोराची ही तऱ्हा आहे.

या सर्व देखाव्यांतील मुख्य असत्य एकच आहे, आणि तें एकदां नीट समजलें म्हणजे भीतीचा बराच भाग ओसरतो. संकेतस्थळाच्या कोणत्याही पानाला घरच्या संगणकांतील फाइली उघडून तपासण्याचा अधिकार नसतो. ब्राउझर हा प्रोग्राम मुळांतच अशा रीतीनें रचलेला आहे कीं, बाहेरून आलेलें पान त्याच्या चौकटींतच राहावें, चौकट ओलांडून घरांतील कपाटें त्याला उघडतां येऊं नयेत. रस्त्यावरून जाणारा मनुष्य 'तुमच्या स्वयंपाकघरांत साप शिरला' असें खिडकींतून ओरडून सांगूं शकतो. पण त्यानें स्वयंपाकघर पाहिलेलें नसतें. पडद्यावर सरकणारी ती पट्टी म्हणजे आधींच तयार करून ठेवलेलें चित्र असतें. ज्याच्या यंत्रांत एकही व्हायरस नाहीं त्यालाही तेंच दिसतें, आणि ज्याच्या यंत्रांत खरोखरीच व्हायरस आहे त्यालाही तेंच. २००८-०९ च्या सुमारास तर मॅकिंटॉश संगणक वापरणाऱ्यांनाही विंडोज एक्सपीच्या खिडकीचें हुबेहूब चित्र दाखविलें जाई. ज्या यंत्रांत 'सी ड्राइव्ह' या नांवाची वस्तूच नाहीं, त्याच्या सी ड्राइव्हवर व्हायरस सांपडत असत!

येथपर्यंतचा प्रकार केवळ देखाव्याचा झाला. बटण दाबून प्रोग्राम आंत घेतल्यावर मात्र प्रकरण खरें होतें. आंत आलेला खोटा पहारेकरी प्रथम खऱ्या पहारेकऱ्याला बाजूस सारतो. म्हणजे यंत्रांतील मूळची संरक्षणव्यवस्था बंद पाडण्याचा प्रयत्न करतो. नंतर संगणक चालू केला कीं तो आपोआप उभा राहतो, आणि दर कांहीं मिनिटांनीं धोक्याचे इशारे देत बसतो. कित्येक जातींचे प्रोग्राम याहून पुढें जात. कोणताही दुसरा प्रोग्राम उघडूं लागलें कीं 'या फाइलीला संसर्ग झाला आहे' असें सांगून ते ती उघडूं देत नसत. कांहीं ब्राउझरच्या प्रॉक्सीची मांडणी बदलून ठेवीत, त्यामुळें उपाय शोधण्यासाठीं इंटरनेटवर जाण्याची वाटच बंद होई. २०११ च्या सुमारास निघालेल्या एका जातीनें तर निराळीच शक्कल लढविली. ती यंत्रांतील सर्व फाइलींवर 'अदृश्य' अशी खूण करून ठेवी आणि तबकडी नादुरुस्त होऊन फाइली नाहींशा झाल्या असें भासवी. घरच्या लग्नाचीं छायाचित्रें गेलीं असें समजून पुष्कळांनीं पैसे भरले. प्रत्यक्षांत एकही छायाचित्र गेलेलें नव्हतें. फक्त दिव्यावर पडदा ओढलेला होता.

हा धंदा किरकोळ भामट्यांचा होता अशी कोणाची समजूत असल्यास ती चुकीची आहे. विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस, ड्राइव्हक्लीनर अशा नांवांचा माल विकणाऱ्या इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें डिसेंबर २००८ मध्यें न्यायालयांत धांव घेतली. कंपनीची नोंदणी मध्य अमेरिकेंतील बेलीझ देशांत होती आणि कारभार युक्रेनमधील कीव्ह शहरांतून चाले. दहा लक्षांहून अधिक ग्राहक फसले असा कमिशनचा आरोप होता, आणि २०१२ सालीं न्यायालयानें या प्रकरणांत १६ कोटी ३० लक्ष डॉलरांचा हुकूमनामा केला. जून २०११ मध्यें अमेरिकेच्या एफ.बी.आय.नें अनेक देशांच्या पोलिसांबरोबर जी कारवाई केली तींतील एकाच टोळीनें ९ लक्ष ६० हजार संगणकधारकांना ७ कोटी २० लक्ष डॉलरांना बुडविल्याचें सांगण्यांत आलें. एका खोट्या प्रोग्रामसाठीं ही टोळी १२९ डॉलरपर्यंत किंमत घेई.

संशयास्पद जागीं न जाणारा मनुष्य सुरक्षित असतो, हाही एक भ्रमच आहे. सप्टेंबर २००९ मध्यें न्यूयॉर्क टाइम्ससारख्या नामांकित वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर वाचकांना असाच खोटा इशारा दिसूं लागला. एका सुप्रसिद्ध दूरध्वनी कंपनीचे प्रतिनिधि म्हणून आलेल्या इसमांनीं जाहिरातीची जागा घेतली होती. प्रथम साधी जाहिरात दाखविली, आणि मागाहून तिच्या जागीं सापळा बसविला. पुढच्याच वर्षीं मिनियापोलिसच्या स्टार ट्रिब्यून पत्राच्या बाबतींत हेंच घडलें. तेथें हॉटेलांची जाहिरात म्हणून दिलेली चित्रें तपासणीच्या वेळीं निर्दोष होतीं. तपासणी संपल्यावर त्यांचें रूप पालटलें. वाचकांच्या यंत्रांत जो प्रोग्राम शिरला त्याच्या 'उपचारा'ची किंमत ४९ डॉलर ९५ सेंट होती. या कारस्थानांतील लाटव्हियाच्या एका इसमाला २०१८ सालीं अमेरिकन न्यायालयानें ३३ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा दिली. चांगल्या वस्तींत राहणाऱ्याच्या दारींही भामटा येतो, एवढाच याचा अर्थ. आणि तेवढा ध्यानांत ठेवणें पुरेसें आहे.

लोक फसतात तरी किती, या प्रश्नाचें उत्तरही मिळालेलें आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील संशोधकांना अशा तीन टोळ्यांच्या यंत्रांतील हिशेबच हातीं लागले, आणि २०११ सालीं त्यांनीं ते प्रसिद्ध केले. त्यांपैकीं एका टोळीचा प्रोग्राम तीन महिन्यांत सुमारें ८४ लक्ष संगणकांत शिरला आणि सुमारें १ लक्ष ८९ हजार लोकांनीं पैसे भरले. म्हणजे दर ४४ जणांत एकानें. तेवढ्यानेंच टोळीला एक कोटी डॉलरांहून अधिक प्राप्ति झाली. या हिशेबांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तक्रार करणाऱ्या कांहीं ग्राहकांना टोळी निमूटपणें पैसे परत करी. हा प्रामाणिकपणा नव्हता. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारांत तक्रारींचें प्रमाण ठराविक मर्यादेबाहेर गेलें तर दुकानदाराचें खातेंच बंद होतें. तेव्हां जो अधिक ओरडेल त्याचें तोंड बंद करून उरलेल्यांना लुटावयाचें, असा तो हिशेब होता. यावरून शहाण्या माणसानें एक धडा घ्यावा : तक्रार करणें व्यर्थ नाहीं. भामट्यांना न्यायालयापेक्षां बँकेचीच धास्ती अधिक असते.

पैसे वसूल करण्याच्या या वाटा अवघड होऊं लागल्यावर धंद्यानें रूप पालटलें. आज पडद्यावर बहुधा दूरध्वनीचा क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावर बोलणारा गोड आवाजाचा मनुष्य आपण मायक्रोसॉफ्टचा तंत्रज्ञ असल्याचें सांगतो, दूर बसून यंत्र चालविण्याचा एनीडेस्कसारखा प्रोग्राम आंत घ्यावयास लावतो, आणि मग यंत्राच्या नित्याच्या नोंदवहींतील निरुपद्रवी लाल-पिवळ्या खुणा दाखवून 'पहा, किती बिघाड आहे' असें म्हणतो. ही नोंदवही विंडोजच्या प्रत्येक निरोगी यंत्रांत असते आणि तींत अशा खुणा नेहमींच असतात. एकदां यंत्राचा ताबा दिल्यावर मात्र प्रश्न पांचशें किंवा पांच हजार रुपयांचा राहत नाहीं. बँकेचें खातें त्याच्या डोळ्यांसमोर उघडलें जातें. या धंद्यांत हिंदुस्थानांतील लोकांचा भाग आहे ही खेदाची गोष्ट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्यें सी.बी.आय.नें 'ऑपरेशन चक्र-२' या नांवाखालीं देशांत ७६ ठिकाणीं छापे घातले. त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून अशा कॉल सेंटरांचा समावेश होता. त्यांचीं गिऱ्हाइकें परदेशांतील, बहुधा वृद्ध माणसें होतीं.

नांवाजलेल्या दुकानांतही हा मोह शिरूं शकतो. अमेरिकेंतील ऑफिस डेपो या प्रसिद्ध दुकानसंस्थेच्या 'तपासणी'ची गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. ग्राहकानें 'यंत्र मंद झालें आहे काय' अशा चार प्रश्नांपैकीं एकालाही होकार दिला, कीं तो तपासणीचा प्रोग्राम संसर्गाचीं लक्षणें सांपडल्याचें सांगे. यंत्रांत काय आढळलें याच्याशीं त्या निकालाचा संबंधच नव्हता. २०१९ सालीं फेडरल ट्रेड कमिशनबरोबर झालेल्या तडजोडींत दुकानसंस्थेला आणि तिला हा प्रोग्राम पुरविणाऱ्या कंपनीला मिळून ३ कोटी ५० लक्ष डॉलर मोजावे लागले. त्यानंतर मार्च २०२४ मध्यें रेस्टोरो व रीइमेज या सायप्रसमधील कंपन्यांनीं अशाच आरोपावरून २ कोटी ६० लक्ष डॉलर देण्याचें मान्य केलें. धंदा जुना झाला, पण संपला नाहीं.

आतां प्रश्न राहिला तो खऱ्या-खोट्याच्या पारखेचा. खऱ्या संरक्षकाची कांहीं लक्षणें स्थिर आहेत. विंडोज किंवा तिच्यांतील डिफेंडर हा संरक्षक आपल्या इशाऱ्यांत दूरध्वनीचा क्रमांक कधींही देत नाहीं. तो भोंगा वाजवीत नाहीं, उलटी मोजणी करीत नाहीं, आणि सांपडलेला व्हायरस काढण्यासाठीं तेथल्या तेथें क्रेडिट कार्ड मागत नाहीं. पूर्ण तबकडीच्या तपासणीला त्याला पुष्कळ मिनिटें, कधीं कधीं तासही लागतात. दहा सेकंदांत तपासणी आटोपणारा वैद्य नाडी न पाहतां औषध देणारा समजावा. परंतु लक्षणें पाठ करण्यापेक्षां एक नियम अधिक उपयोगी आहे. निरोप्यानें दाखविलेल्या दारानें जाऊं नये. ओळखीच्या दारानें जावें. म्हणजे असें कीं, इशारा कितीही खरा वाटला तरी त्यावरील बटण दाबूं नये. तो बंद करावा, आणि स्टार्टच्या यादींतून 'विंडोज सिक्युरिटी' स्वतः उघडून तेथें काय लिहिलें आहे तें पाहावें. इशारा खरा असेल तर तो तेथेंही असेल. खोटा असेल तर तेथें शांतता असेल.

इशारा बंद करण्यालाही रीत आहे. पानावर दिसणारी फुली पुष्कळदां खऱ्या फुलीचें चित्र असते आणि ती दाबणें म्हणजे होकार देणें ठरतें. म्हणून पानावर कोठेंही बोट न ठेवतां आल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबाव्या. पडद्याला पुरतें कुलूप लागल्यासारखें दिसत असेल तर एस्केपची कळ कांहीं क्षण दाबून धरावी. तरीही पान हलत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळांनीं टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यांतून ब्राउझर बंद करावा. ब्राउझर पुन्हां उघडतांना 'पूर्वींचीं पानें परत आणूं का' असें विचारलें जातें. त्यास नकार द्यावा, नाहीं तर घालविलेला पाहुणा त्याच पावलीं परत येतो. कांहींच जमलें नाहीं तर यंत्र बंद करून पुन्हां चालू करावें. न साठविलेला मजकूर जाईल, पण पैसा जाणार नाहीं.

पडद्याच्या कोपऱ्यांत दिवसभर इशारे उगवत असतील, तर बहुधा व्हायरस नसून एक बेसावध होकार कारण असतो. एखाद्या पानानें 'आपण यंत्रमानव नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं होय म्हणा' असें सांगितलेलें असतें, आणि त्या 'होय'नें त्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याची परवानगी मिळालेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें सूचनांचा विभाग असतो. तेथें परवानगी दिलेल्या स्थळांची यादी पाहून अनोळखी नांवें काढून टाकलीं कीं हा उपद्रव त्याच क्षणीं थांबतो.

खोटा प्रोग्राम प्रत्यक्ष आंत शिरला असेल तर काम अधिक, पण तेंही घरच्या माणसाच्या आटोक्यांतलें आहे. मात्र क्रम चुकवूं नये. प्रथम इंटरनेट तोडावें. वाय-फाय बंद करावें किंवा तार काढावी. त्यामुळें आंतला इसम बाहेरच्या धन्याशीं बोलूं शकत नाहीं. त्या प्रोग्रामचें नांव कागदावर उतरून घ्यावें. पैसे भरूं नयेत, कारण पैसे भरल्यानें प्रोग्राम जात नाहीं. कार्डाचा क्रमांक मात्र भामट्याच्या वहींत जातो. नंतर सेटिंग्जमधील स्थापित प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणें लावून त्या दिवशीं किंवा आदल्या दिवशीं आलेलें अनोळखी नांव काढून टाकावें. तो काढूं देत नसेल तर यंत्र 'सेफ मोड' मध्यें चालू करावें. विंडोज १० आणि ११ मध्यें शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट निवडल्यास एक निळा पडदा येतो. त्यांतून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असें जाऊन पुन्हां रीस्टार्ट करावें आणि ४ हा अंक दाबावा. या अवस्थेंत यंत्र केवळ आवश्यक तेवढेच भाग जागे करतें. आपोआप उभा राहणारा तोतया बहुधा झोंपलेलाच राहतो, आणि झोंपलेल्याला बाहेर काढणें सोपें असतें.

त्यानंतर खरी तपासणी. विंडोज सिक्युरिटीमध्यें 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' असा एक पर्याय आहे. तो निवडल्यावर यंत्र बंद होऊन विंडोज पुरतें जागें होण्यापूर्वींच तपासणी होते. सुमारें १५ मिनिटें लागतात, आणि लपून बसणाऱ्यांना या वेळीं लपावयास जागा राहत नाहीं. दुसऱ्या वैद्याचें मत घ्यावयाचें असल्यास मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर किंवा मालवेअरबाइट्स हे प्रोग्राम त्यांच्या मूळ संकेतस्थळावरून, आणि शक्य तर दुसऱ्या निरोगी संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवरून आणावे. हिंदुस्थान सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रानेंही २०१७ पासून अशीं साधनें विनामूल्य ठेवलीं आहेत. शोधयंत्रांत त्या खोट्या प्रोग्रामचें नांव घालून 'काढण्याचा उपाय' शोधतांना मात्र सावध असावें. त्या शोधांत दिसणाऱ्या जाहिरातींत दुसरे भोंदू वैद्य बसलेले असतात.

तपासणी संपल्यावर घर आवरावें. ब्राउझरमधील अनोळखी जोडप्रोग्राम काढावे. प्रॉक्सीच्या सेटिंग्जमध्यें परका पत्ता आहे काय तें पाहावें. विंडोज आणि ब्राउझर अद्ययावत् करावे. फाइली नाहींशा झाल्या असें वाटल्यास फाइल एक्सप्लोररमध्यें अदृश्य फाइली दाखविण्याचा पर्याय चालू करून पाहावें. पुष्कळदां सर्व चीजवस्तु जागच्या जागीं असते. पासवर्ड बदलावे, पण ते दुसऱ्या यंत्रावरून. ज्या खोलींत चोर होता त्याच खोलींत नव्या किल्ल्या घडवूं नयेत. दूरच्या इसमाला यंत्राचा ताबा दिलेला असेल, अथवा उपायानंतरही संशय उरत असेल, तर महत्त्वाच्या फाइली बाजूस काढून विंडोज नव्यानें बसविणें हाच निर्धास्त मार्ग. ज्याच्याजवळ फाइलींची दुसरी प्रत आधींपासून आहे त्याला हा मार्ग अवघड वाटत नाहीं. म्हणून महिन्यांतून एकदां बाहेरच्या तबकडीवर प्रत काढून ती तबकडी यंत्रापासून सोडवून ठेवणें, ही संवय प्रत्येक घरानें लावून घ्यावी.

प्रतिबंधाचा खर्च अगदीं थोडा आहे. २०१२ सालीं निघालेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर विंडोजबरोबरच येतो आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहींत. ज्यांना दुसरें संरक्षण हवें असेल त्यांना नांवाजलेल्या कंपन्यांचा माल उपलब्ध आहे. अशांपैकीं क्विक हील ही तर पुण्यांत, गणकयंत्रांच्या दुरुस्तीच्या एका लहान दुकानांतून वाढलेली संस्था. मात्र दोन संरक्षक एकाच वेळीं जागते ठेवूं नयेत. ते एकमेकांवरच संशय घेत बसतात आणि यंत्र मंद होतें. नित्याच्या कामासाठीं व्यवस्थापकाच्या अधिकाराचें खातें न वापरतां साधें खातें वापरावें, म्हणजे सर्व यंत्रांत फेरफार करूं पाहणारा प्रोग्राम सहसा पासवर्डावांचून आंत बसूं शकत नाहीं. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली आहे. ज्यांच्या घरीं तीच व्यवस्था चालू आहे त्यांनीं विस्तारित सुरक्षेची नोंदणी किंवा नवी व्यवस्था यांचा विचार लांबणीवर टाकूं नये. मॅक वापरणाऱ्यांनींही गाफील राहूं नये. मे २०११ मध्यें 'मॅक डिफेंडर' नांवाचा तोतया त्यांच्यांतही फिरला होता आणि ॲपलला त्याच्यासाठीं खास दुरुस्ती काढावी लागली.

आणि पैसे गेलेच असतील तर? तेव्हां घड्याळाकडे पाहून वागावें. प्रथम बँकेला कळवून कार्ड बंद करावें आणि तो व्यवहार आपणांस अमान्य असल्याचें लेखी द्यावें. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेनें जुलै २०१७ च्या परिपत्रकांत असें तत्त्व घालून दिलें कीं, ग्राहकाच्या चुकीमुळें गुप्त माहिती बाहेर गेली असली तरी, बँकेला कळविल्यानंतर होणारें नुकसान बँकेनें सोसावें. म्हणजे कळविण्यापूर्वींचा प्रत्येक तास ग्राहकाच्या खिशांतून जातो.

हा तास बहुतेक घरांत कशानें वाया जातो? अज्ञानानें नव्हे, लाजेनें. फसलेला मनुष्य बहुधा निष्काळजी नसतो. निष्काळजी मनुष्य इशारा वाचतच नाहीं. जो वाचतो, घाबरतो आणि उपाय करूं पाहतो तोच जाळ्यांत सांपडतो. घरांतील सेवानिवृत्त वडील, दुपारीं एकट्या असणाऱ्या आई, यांनीं यंत्राची काळजी घेण्याच्या हेतूनेंच तें बटण दाबलेलें असतें. संध्याकाळीं मुलगा घरीं आल्यावर 'कळत नव्हतें तर हात कशाला लावला' असें एक वाक्य बोलून जातो. त्या वाक्याची किंमत पुढच्या खेपेस कळते. पुढच्या खेपेस वडील कोणालाच सांगत नाहींत. स्वतःच त्या क्रमांकावर बोलत राहतात, आणि खातें रिकामें झाल्यावर गोष्ट उघडकीस येते. भामट्याला ही लाज चांगली ठाऊक असते. 'घरांत कोणाला सांगूं नका' असें तो कित्येकदां स्वतःच बजावतो.

म्हणून ज्या घरांत संगणक आहे त्या घरांत एक ठराव असावा. पडद्यावर भीतिदायक कांहीं दिसलें तर त्यावर कोठेंही न दाबतां प्रथम घरांतल्या कोणाला तरी हांक मारावी, आणि ज्याला हांक मारली त्यानें न रागावतां यावें. खोट्या वैद्याचें सारें बळ दोन गोष्टींत असतें, घाई आणि एकांत. पांच मिनिटें थांबून एका माणसाला विचारलें कीं या दोन्ही सरतात. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस अशी म्हण आहे. पण दुसरें माणूस बरोबर असलें म्हणजे तो राक्षस म्हणजे पडद्यावरचें एक रंगीत चित्र आहे, आणि तें दोन कळांनीं पुसतां येतें, हें सहज ध्यानांत येतें.